परक्याची भाषा

22 ऑगस्ट 1991. सोव्हिएत अध्यक्ष गोर्बाचोव्ह यांना हटवू पाहणारा उठाव नुकताच फसला होता. मॉस्कोच्या लुब्यांका चौकात संध्याकाळपासून माणसं जमत होती. मध्यावर सोव्हिएत गुप्त पोलिसांचा संस्थापक फेलिक्स द्झेर्झिन्स्की याचा पुतळा, 1958 पासून तिथे उभा. काहीजण वर चढले, त्यांनी पुतळ्याला तारेचे दोर बांधले, गाडी लावून ओढायचा बेत होता. पुतळा तसा कोसळला असता तर चौकाखालचं भुयारी बांधकाम खचलं असतं, म्हणून महापालिकेची माणसं गर्दीला थोपवून क्रेनची वाट पाहत होती. समोर सोव्हिएत गुप्तचर संस्थेची, केजीबीची इमारत. आत सशस्त्र पहारा. आणि त्या अवाढव्य संस्थेच्या प्रमुखपदी त्या रात्री जो माणूस होता, त्याला ते पद मिळून एक दिवसही झाला नव्हता. दुसऱ्या दिवशी ते त्याच्याकडून गेलंही.

लिओनिद व्लादिमिरोविच शेबार्शिन. अस्खलित उर्दू बोलणारा, सहा वर्षं दिल्लीत राहिलेला. त्या रात्री त्याने हुकूम दिला तो दारं-फाटकं बंद करण्याचा आणि काहीही झालं तरी शस्त्र न वापरण्याचा. इमारतीतून एकही गोळी सुटली नाही. मध्यरात्रीच्या सुमारास क्रेनने पुतळा उचलला.

या माणसाबद्दल लिहायचं मी बरीच वर्षं टाळत आले. कारण त्याच्याबद्दल लिहायचं तर आधी ओझरबद्दल लिहावं लागतं, आणि ओझरबद्दल लिहायचं तर काकाबद्दल.

माझे वडील ओझरच्या मिग विमानांच्या कारखान्यात फिटर होते. नाशिकजवळचा हा कारखाना 1964 मध्ये सुरू झाला, सोव्हिएत परवान्यावर मिग-21 बांधायला. सोव्हिएत तंत्रज्ञ येत, दोन-तीन वर्षं राहत, परत जात. काहींची कुटुंबंही असत. आमच्या लहानपणी वसाहतीत 'रशियन' ही मोठी नवलाईची गोष्ट होती. त्यांच्या बायका भाजीबाजारात बोटांवर हिशोब करत, बीट दिसलं की टोपलीभर घेत. त्यातली एक बाई आमच्याकडे आईकडून मिरची न घातलेली आमटी शिकायला येत असे. तिच्याकडून मी रशियनचे पहिले शब्द शिकले: खुर्ची, पाव, पाऊस, आजी. पुढे पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये रीतसर रशियन केलं आणि दुभाषी म्हणून आयुष्यभर त्यावरच जगले. माझ्या भाषेचं मूळ मात्र त्या बाईच्या स्वयंपाकघरातच आहे.

आणीबाणीत, 1975 च्या जुलैत काकाला पकडलं. तो निफाडकडे शाळामास्तर होता, सेवा दलात वाढलेला, समाजवादी. मिसाखाली, म्हणजे खटल्याविना डांबण्याच्या कायद्याखाली, उचलला आणि नाशिकरोडच्या तुरुंगात ठेवला. आमच्या घरापासून तुरुंग तासाभराच्या अंतरावर, पण वडील एकदाही भेटायला गेले नाहीत. संरक्षण खात्याच्या कारखान्यात नोकरी, सख्खा भाऊ मिसाखाली. भीती कसली होती ते मला तेव्हा कळत नव्हतं. आजी जायची, शेंगदाण्याचे लाडू घेऊन.

एका शनिवारी ती रशियन बाई आली. काका दर शनिवारी यायचा, तिला मोडक्या रशियनमध्ये नमस्कार करायचा. तिने विचारलं, काका कुठे? वडील म्हणाले, बाहेरगावी. आई चुलीकडे वळली. बाईने आईच्या पाठीकडे पाहिलं, वडिलांकडे पाहिलं, आणि अगदी हळू आवाजात मला विचारलं, "द्याद्या सिदीत?"

मला दोन्ही शब्द येत होते. द्याद्या म्हणजे काका. सिदीत म्हणजे बसलाय. काका बसलाय? कुठे बसलाय? मी मान हलवून नाही म्हटलं. तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि त्या दिवशी आमटी न शिकताच गेली.

दहा वर्षांनी रानडेमध्ये क्रियापदांच्या वर्गात मला त्याचा अर्थ लागला. रशियनमध्ये 'बसणे' म्हणजे तुरुंगात असणेही. अमुक बसलाय, तमुक पाच वर्षं बसला, तिचे वडील बसले ते आलेच नाहीत. आपल्याकडे 'आत आहे' म्हणतात तसंच. ज्या देशात 1937 आणि 1938 या दोन वर्षांत, सुरक्षा खात्याच्या स्वतःच्याच नोंदींनुसार, 6,81,692 माणसांना गोळ्या घातल्या गेल्या, तिथे या शब्दाचा दुसरा अर्थ कुणाला शिकवावा लागत नाही. ती बाई आमच्या घरात दोन मिनिटं उभी राहिली आणि तिला सगळं कळलं.

शेबार्शिनच्या आठवणींचं पुस्तक माझ्या हाती आलं ते नव्वदच्या दशकाच्या अखेरीस. मॉस्कोहून आलेल्या एका शिष्टमंडळातल्या माणसाने निरोप घेताना दिलं. 1992 मध्ये छापलेलं, कागद हलका. नाव 'मॉस्कोचा हात'. नाव वाचूनच मी थबकले. आणीबाणीत आम्ही रोज 'परकीय हात' ऐकत होतो. रेडिओवर, सभांत, भिंतींवर. देशात जे काही बिघडतंय त्यामागे परकीय हात आहे, असं इंदिराबाई सांगत, आणि तो हात अमेरिकेचा आहे हे सगळ्यांना कळावं अशी ती मांडणी असे. त्याच वर्षी, 1975 मध्ये, शेबार्शिन दिल्लीत केजीबीचा रेझिदेन्त झाला. रेझिदेन्त म्हणजे त्या देशातल्या सगळ्या सोव्हिएत हेरांचा मुख्य. सबंध आणीबाणी त्याने त्या पदावरून पाहिली आणि 1977 मध्ये तो परत गेला.

पण आधी त्याचं उर्दू. मला त्याच्याकडे ओढलं ते उर्दूनेच.

जन्म 24 मार्च 1935, मॉस्कोच्या मारिना रोश्शा भागात. लाकडी घरांची, गरिबांची आणि चोरांसाठी बदनाम अशी ती वस्ती. हुशार मुलगा, शाळेत उत्तम गुण, मग पौर्वात्य विद्या संस्थेत प्रवेश. तिथे भारत विभागात त्याच्या वाट्याला उर्दू आलं. 1954 मध्ये ती संस्था बंद झाली, विद्यार्थी परराष्ट्र संबंधांच्या संस्थेत वळवले गेले, पण उर्दू चालूच राहिलं. विचार करा, नुकताच स्टालिन गेलेला, बाहेर बर्फ, आणि मारिना रोश्शातलं एक पोर नस्तालिक लिपीत उजवीकडून डावीकडे अक्षरं घोटतंय. ज्या लोकांची ती भाषा त्यांच्यातला कुणी त्याने बहुधा तोवर पाहिलाही नसेल. त्या अक्षरांवर बसून राहायला जीव लावावा लागतो. मी स्वतः ओझरच्या ओट्यावर रशियनची किरिल लिपी गिरवलेली आहे. त्या वयात परकी लिपी हाताला वळू लागते तेव्हाचा आनंद मला माहीत आहे, आणि म्हणून या माणसाला मी नुसता हेर म्हणून बाजूला ठेवू शकत नाही.

1958 मध्ये तो कराचीला गेला, सोव्हिएत राजदूतावासात. तेव्हा पाकिस्तानची राजधानी कराचीच. (1936 पर्यंत हे शहर मुंबई इलाख्यात होतं आणि तिथे मराठी शाळाही होत्या, हे आता आपल्याकडेही फार कुणाला आठवत नाही.) त्याच वर्षी ऑक्टोबरात अयुब खानांचा लष्करी उठाव झाला. तरुण शेबार्शिन दुभाष्याचं काम करायचा, माझंच काम. दोन माणसांच्या मध्ये बसायचं, एकाचं बोलणं दुसऱ्याच्या तोंडी द्यायचं, स्वतःचं काही घालायचं नाही. या कामात एक विश्वास असतो. समोरच्याला तुमच्यावाचून गत्यंतर नसतं आणि तुम्ही त्याला फसवणार नाही असं तो धरून चालतो. चाळीस वर्षांत मी चुका पुष्कळ केल्या असतील, पण हा विश्वास मोडला नाही.

1962 मध्ये केजीबीने त्याला बोलावलं आणि तो गेला. तिथे आमच्या वाटा वेगळ्या झाल्या, असं मी म्हणते, जरी तेव्हा मी जन्मलेही नव्हते. पुन्हा पाकिस्तान, मग 1971 मध्ये दिल्ली. ते वर्ष आपल्या जुन्या माणसांना पाठ आहे. 9 ऑगस्टला दोन्ही देशांचे परराष्ट्रमंत्री, ग्रोमिको आणि स्वर्णसिंग, यांनी मैत्री कराराच्या कागदावर सह्या केल्या, डिसेंबरात युद्ध झालं. ओझरमध्ये त्या महिन्यात वडील तीन-तीन पाळ्या करत होते आणि रशियन तंत्रज्ञही त्यांच्याबरोबर जागत होते. ती मैत्री खरी होती. माझ्या वडिलांच्या हाताला पाना लागला तेव्हा ज्या माणसाने आपल्या रुमालाने तो हात बांधला, तो रुमाल आईने धुऊन, इस्त्री करून परत दिला होता. त्या मैत्रीला कुणी खोटं म्हटलं की मला आजही राग येतो.

म्हणूनच पुढचं वाचताना त्रास झाला.

वसिली मित्रोखिन हा केजीबीच्या अभिलेखागारातला कर्मचारी. वर्षानुवर्षं तो गुप्त फायलींतली टिपणं उतरवून घेत राहिला आणि 1992 मध्ये ती घेऊन ब्रिटनला गेला. त्या टिपणांवरचा दुसरा खंड 2005 मध्ये आला, तेव्हा त्यातल्या भारताविषयीच्या मजकुरावरून इथे बराच गदारोळ झाला. कुणाला किती पैसे मिळाले यावर वाद झाले. मूळ फायली बंद आहेत, बाहेरच्या कुणाला त्या ताडून पाहता येत नाहीत, हेही खरं. माझी नजर मात्र एका साध्या आकड्यावर अडली. भारतीय वृत्तपत्रांत आपण किती मजकूर पेरला याचा केजीबीने केलेला हिशोब: 1972 मध्ये 3,789. 1973 मध्ये 2,760. 1974 मध्ये 4,486. आणि 1975 मध्ये 5,510.

ज्यांनी सरकारी कचेरीत दिवस काढलेत त्यांना वार्षिक अहवालातले आकडे कसे वाढतात ते सांगायला नको. मुख्यालयाला, त्यांच्या भाषेत 'सेंटर'ला, आकडा हवा असतो, खालचा माणूस तो पुरवतो. एखादी चार ओळींची बातमी पाच पेपरांत आली तर पाच धरायच्या. 5,510 मध्ये अर्धी हवा असेल. पण अर्धी जरी धरली तरी ते वर्ष 1975 आहे. जून संपल्यावर आपले संपादक सेन्सॉरच्या टेबलावर पानं नेऊन दाखवत होते. कुणी अग्रलेखाची जागा कोरी सोडत होतं. आपल्या माणसाला आपल्या पेपरात आपलं म्हणणं मांडता येत नव्हतं, आणि त्याच पानांवर परक्याने लिहून दिलेला मजकूर आपल्या माणसाच्या नावाने छापून येत होता.

'सोव्हिएत देश' आमच्याकडेही यायचा. गुळगुळीत पानं, त्यांची कव्हरं आम्ही पुस्तकांना घालायचो. ट्रॅक्टर, हसऱ्या मुली, बर्फात खेळणारी पोरं. तो प्रचार होता हे आजीलाही कळत होतं, कारण वर ठळक नाव होतं. माझी तक्रार त्याबद्दल नाही. ज्याच्यावर नाव नव्हतं त्याबद्दल आहे. आणि आकडा 5,510 वर पोचला त्या वर्षी रेझिदेन्तची सूत्रं शेबार्शिनच्या हाती आली. त्या वर्षाचा हिशोब सगळा त्याच्याच खात्यावर टाकता येणार नाही, पण ज्या माणसाने या उपखंडाची भाषा इतक्या मेहनतीने शिकली, त्याला वाचणाऱ्याची फसवणूक म्हणजे काय ते कळत नव्हतं असं मी मानणार नाही. हे मी त्याला माफ केलेलं नाही.

दिल्लीनंतर तेहरान. 1979 च्या वसंतात, क्रांतीच्या ऐन धुमाळीत, तो तिथे रेझिदेन्त म्हणून पोचला. नोव्हेंबरात अमेरिकन राजदूतावास विद्यार्थ्यांनी ताब्यात घेतला, डिसेंबरात सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि मग सोव्हिएत राजदूतावासावरही जमाव चालून येऊ लागले. 1982 च्या जूनमध्ये त्याच्याच हाताखालचा अधिकारी व्लादिमिर कुझिच्किन ब्रिटिशांकडे पळून गेला. पुढच्या वर्षी इराणमधल्या तुदेह या कम्युनिस्ट पक्षाचे नेते पकडले गेले, 18 सोव्हिएत अधिकाऱ्यांची हकालपट्टी झाली. तुदेहच्या कार्यकर्त्यांनी सोव्हिएत संघावर विश्वास ठेवला होता. त्यांच्यातले कित्येक जीवानिशी गेले. राजदूतावासातली माणसं विमानात बसून घरी गेली.

मग यासेनेवो. मॉस्कोच्या दक्षिण टोकाला झाडीत लपलेलं परदेशी हेरखात्याचं मुख्यालय, आतली माणसं त्याला नुसतं 'लेस' म्हणत, म्हणजे जंगल. अफगाणिस्तानच्या कामासाठी तो सारखा काबूलला जात असे. घरी याच काळात तरुण मुलगी गेली, मागे तान्हं मूल ठेवून. 1989 च्या सुरुवातीला तो या खात्याचा प्रमुख झाला. म्हणजे अगदी माथ्यावर पोचला आणि खाली पाहतो तर डोंगरच सरकतोय. त्या वर्षाअखेर बर्लिनची भिंत गेली, पूर्व युरोपातली एकेक राजवट कोसळली, आणि ही सगळी खबर रोज त्याच्याच टेबलावरून वर जात होती.

ऑगस्ट 1991 चा उठाव केला त्याच्याच वरिष्ठाने, केजीबीप्रमुख क्र्यूच्कोव्हने. तीन दिवसांत तो फसला. 22 तारखेच्या पहाटे गोर्बाचोव्ह क्राइमियाहून परतले आणि क्र्यूच्कोव्ह अटकेत असल्याने त्यांनी शेबार्शिनला हंगामी प्रमुख नेमलं. दुसऱ्या दिवशी रशियाचे अध्यक्ष येल्त्सिन यांच्या आग्रहावरून वदिम बकातिनची नेमणूक झाली. बकातिन बाहेरचा माणूस, स्थापत्य अभियंता, संस्था मोडायलाच आलेला. डिसेंबरात त्याने मॉस्कोतल्या नव्या अमेरिकन राजदूतावासाच्या इमारतीत ध्वनियंत्रं कुठे कुठे पुरली आहेत त्याचे आराखडेच अमेरिकन राजदूताच्या हाती दिले. तोवर शेबार्शिन राजीनामा देऊन गेला होता. त्याच्या जागी आलेले प्रिमाकोव्ह हेही त्याच पौर्वात्य विद्या संस्थेचे, त्यांची भाषा अरबी.

मी त्या एका दिवसावर वारंवार येते. केजीबीच्या इमारतीसमोर गर्दी जमली आणि आतल्यांनी फाटकं लावून घेतली. हुकूम दुसरा निघाला असता तर चौकात प्रेतं पडली असती, आणि हुकूम देण्याचा अधिकार त्या रात्री त्याच्याकडे होता. ज्या राज्यासाठी त्याने आयुष्य दिलं ते डोळ्यांदेखत जात होतं आणि त्याने बंदुका खाली ठेवायला लावल्या. हे मी त्याच्या जमेला धरते. 5,510 मधून ते वजा होत नाही. दोन्ही नोंदी माझ्या वहीत वेगवेगळ्या पानांवर आहेत.

पुतळा होता तिथून हाकेच्या अंतरावर सोलोव्हेत्स्कीचा दगड आहे. पांढऱ्या समुद्रातल्या त्या बेटावरच्या छळछावणीतून आणून 30 ऑक्टोबर 1990 ला तिथे ठेवलेला. पुढे दर वर्षी ऑक्टोबराच्या अखेरीस लोक तिथे रांग लावून मारल्या गेलेल्यांची नावं वाचत, नाव, वय, धंदा, गोळी घातल्याची तारीख. हे घडवून आणणारी 'मेमोरियल' ही संस्था डिसेंबर 2021 मध्ये न्यायालयाच्या हुकुमाने बंद झाली. आणि सप्टेंबर 2023 मध्ये यासेनेवोच्या त्याच जंगलात द्झेर्झिन्स्कीचा नवा पुतळा उभा राहिला, जुन्याचीच थोडी लहान प्रत. मूळ पुतळा नदीकाठच्या बागेत, इतर पडलेल्या पुतळ्यांमध्ये आहे.

शेबार्शिनने हे पाहिलं नाही. 30 मार्च 2012 ला मॉस्कोतल्या आपल्या घरी त्याने आयुष्य संपवलं. सत्त्याहत्तर वर्षांचा होता. पत्नी काही वर्षं आधी गेलेली. दृष्टी गेल्याची नोंद त्याने मागे ठेवली, असं रशियन बातम्यांत आलं. त्या दिवशी मी एका पंपाच्या माहितीपुस्तिकेचं भाषांतर करत होते. बातमी वाचून मी पुस्तक कपाटातून काढलं आणि उघडलं नाही, नुसतं मांडीवर ठेवून बसले. वाचणारा माणूस, तीन लिप्या जाणणारा, आणि अक्षरं दिसेनाशी झाली. त्या क्षणी मला त्याचं फक्त वाईट वाटलं, बाकी काही नाही.

गेल्या दिवाळीत निफाडला गेले होते. काका आता नव्वदीकडे झुकलाय, ऐकू कमी येतं, पण चष्म्याशिवाय पेपर वाचतो. त्याला मी हे सगळं पहिल्यांदाच सांगितलं, शेबार्शिन, मित्रोखिन, आकडे. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "आम्हाला आत पेपर मिळायचे. दुसरं काही वाचायला नसायचं, म्हणून आम्ही ओळ न् ओळ वाचायचो. निविदा सुद्धा. संध्याकाळी त्यावर चर्चा." थोड्या वेळाने म्हणाला, "म्हणजे काही चर्चा आम्ही त्याच्याच मजकुरावर केल्या असतील."

मी विषय बदलावा म्हणून त्याला ती रशियन बाई आठवते का विचारलं. आठवत होती. मग तिचं ते वाक्य सांगितलं, जे मी इतकी वर्षं त्याला सांगितलंच नव्हतं. कान पुढे करून त्याने मला तो शब्द दोनदा उच्चारायला लावला.

"सिदीत," तो म्हणाला. "परत सांग, बसणे आणि तुरुंगात असणे, दोन्हीला एकच?"

एकच, मी म्हटलं.

"बरोबर आहे तिचं. चौदा महिने बसलोच होतो," काका म्हणाला, आणि आतल्या खोलीत काकूला हाक मारून तो शब्द तिलाही शिकवू लागला.